अंगणापुरता खांदा

शिमगा आणि देशाचा अर्थसंकल्प एकाच हंगामात यावेत हे ज्या कुणी ठरवलं, तो पोलादपूरच्या डोंगरात कधी राहिलेला नसणार. फेब्रुवारीत दिल्लीला अर्थसंकल्प मांडतात, मार्चभर त्यावर काथ्याकूट चालतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या वाडीवर होळी उभी राहते, देवीची चांदीची रूपं पालखीत बसतात आणि पालखी घरोघर निघते. होळीची सुट्टी संसदेलाही असते, नाही असं नाही. पण दिल्लीची होळी दुपारी अंघोळ केली की संपली. आमचा शिमगा तिथून पुढे रंगतो. पालखी आमच्या अंगणात येते ती होळीनंतर चौथ्या दिवशी, आणि चौथ्या दिवशी मी सभागृहात मागच्या बाकावर बसून कुठल्या तरी खात्याच्या मागण्यांना ‘होय’ म्हणायला हजर. खासदारकीची माझी पंचवीसेक वर्षं अशी गेली.

लोक विचारतात, साहेब, एवढ्या वर्षांत काय राहून गेलं? मंत्रिपद राहून गेलं, असं उत्तर त्यांना हवं असतं. मंत्रिपदाचं मला काहीच वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. पण जे खरोखर राहून गेलं ते सांगितलं तर लोक हसतील, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही. माझा खांदा राहून गेला.

खांदा म्हणजे पालखीच्या दांडीखालची जागा. आमच्याकडे पालखीला पुढे दोन आणि मागे दोन असे चार खांदे लागतात. कुणीही उठावं आणि दांडीखाली शिरावं असं चालत नाही. कोणता खांदा कोणत्या घराचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पुढचा पहिला आमच्या घराचा. आधी आजोबांचा, मग वडिलांचा, आणि वडील लवकर गेल्यामुळे विसाव्या वर्षीच माझा. ढोल-सनईचा खालूबाजा सुरू झाला की पालखी नुसती न्यायची नसते, नाचवायची असते. गुडघ्यात वाकायचं, ठेक्यावर उठायचं आणि दांडी खांद्यावरून सुटू द्यायची नाही. पहिल्या वर्षी दोन दिवस मला मान वळवता येत नव्हती. आईने हळद-तेल चोळलं आणि म्हणाली, “रडू नको रे. देवीचा भार हाय तो. सगल्यांच्या नशिबी नसतो.” तीन-चार शिमगे झाले आणि खांद्यावर सुपारीएवढा घट्टा आला. मी तेव्हा बिरवाडीच्या शाळेत शिक्षक होतो. फळ्यावर लिहिताना तो घट्टा सदऱ्याला घासायचा आणि मला उगाच बरं वाटायचं.

माझं राजकारण त्या बिरवाडीतच सुरू झालं, तेही अर्जांपायी. कारखान्यांत काम करणारी माणसं तिथे खोल्या घेऊन राहायची. कुणाचं रेशनकार्ड अडलेलं, कुणाच्या बापाची पेन्शन, कुणाला गावाकडे बदली हवी. “मास्तर, तेवढा अर्ज लिवून द्या.” मी लिहून द्यायचो. अक्षर बरं होतं आणि नाही म्हणायची सवय नव्हती. राजकारणाला एवढं भांडवल पुष्कळ झालं. आधी जिल्हा परिषदेत गेलो. मग एका निवडणुकीत लोकसभेला उभं राहायला पक्षाला कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी मास्तरला उभं केलं. पडायलाच उभं केलं होतं. मी निवडून आलो आणि त्यांच्याइतकाच मीही गडबडलो.

नवीन खासदार म्हणजे नव्या नवरीपेक्षा वाईट अवस्था. नवरीला निदान सासू सांगते काय करायचं ते. मला कुणीच काही सांगत नव्हतं आणि मी मात्र सगळं कळल्यासारखा चेहरा करून हिंडत होतो. कडक इस्त्रीचे कपडे घालून हिंडलं की माणसाला आपण मोठे झालो असं वाटू लागतं, तसं मलाही वाटू लागलं होतं. पहिल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पक्षाचा व्हिप निघाला. म्हणजे मतदानाला हजर राहा, नाहीतर परिणाम भोगा. त्याच आठवड्यात शिमगा होता.

माझा एक चुलतभाऊ आहे, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. आम्ही एका घरात वाढलो, एका दावणीची गुरं राखली. पुढे घरं वेगळी झाली. मी शिकलो, तो नाचणी-वरी पिकवत वाडीवर राहिला. तेव्हा वाडीवर फोन नव्हता. पोलादपूरला एका किराणा दुकानात होता. आदल्या आठवड्यात निरोप ठेवला होता म्हणून तो ठरल्या वेळी डोंगर उतरून दुकानात येऊन थांबला होता. मी संसदेतल्या फोनवरून बोलत होतो.

“दादा, पालखी चार दिसांवर आली. येतोस ना?”

“नाही रे. व्हिप आहे.”

“तो काय आसतो?”

“पक्षाचा हुकूम.”

“देवीपरीस मोठा?”

मी हसलो. तोही हसला. मग त्याने विचारलं, “खांद्याचं काय करायचं?”

इथे आमची रीत सांगायला हवी, कारण माझी सगळी गोष्ट तिथेच फसली आहे. मुंबईचा चाकरमानी शिमग्याला येऊ शकला नाही, तर तो निरोप पाठवतो, यंदापुरता खांदा अमक्याला द्या. तो अमका वर्षभर खांदा सांभाळतो आणि पुढच्या वर्षी ज्याचा त्याला परत. शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण त्याच वेळी मतदानाची घंटा वाजायला लागली. लांबलचक कॉरिडॉरमधून खासदार लगबगीने आत निघाले होते, एकाने जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली, चला चला. आणि मला दातृत्वाचा झटका आला. “तूच घे,” मी म्हणालो. “कायमचा घे. मला आता कुठलं जमतंय!”

त्याने विचारलं, “कायमचा म्हंतोस?”

“हो रे बाबा, कायमचा.” आणि मी फोन ठेवून दिल्लीच्या कामाला पळालो.

माझा भाऊ सरळ माणूस. मी जे बोललो ते त्याने जसंच्या तसं गावकीत सांगितलं. गावकीने देवीपुढे नारळ फोडला आणि आमच्या घराचा खांदा त्याच्या घराचा झाला. कुणाची चूक? कुणाचीच नाही, माझी सोडून. दान करायला माणसाजवळ आधी ते दान करण्याएवढं जास्तीचं असावं लागतं. माझ्याजवळ एकच होता.

मला हे कळलं ते चौथ्या दिवशी. सभागृहात अर्थमंत्री बोलत होते आणि आमच्या बाजूचे सगळे बाकं वाजवत होते. तिथे टाळ्या वाजवत नाहीत, आवडलं की समोरच्या बाकावर हात आपटतात. मीही आपटत होतो. शेजारी एका डोंगराळ राज्यातले वयस्क खासदार बसायचे. त्यांनी माझा हात धरला आणि हिंदीत विचारलं, “ये कौन सा ताल है भाई?” मंत्री थांबले होते, सगळ्यांचे हात थांबले होते आणि माझा एकट्याचा खालूबाजा चालू होता. घड्याळात साडेअकरा वाजले होते. पालखी या वेळी आमच्या अंगणात असते. दांडीखाली मी नव्हतो आणि यापुढे कधी नसणार होतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मी खाली बघून कागद चाळत बसलो. डोळे भरून आले होते, आणि अर्थसंकल्पाने डोळे भरून आलेला मी त्या सभागृहातला पहिलाच खासदार असेन.

त्यानंतर मी शिमग्याला वाडीवर गेलोच नाही असं नाही. गेलो ना. दर पाच वर्षांनी नेमाने गेलो. निवडणुकीच्या वर्षी अधिवेशन आटोपतं आणि मार्चात प्रचार असतो, त्यामुळे त्या वर्षी उमेदवाराला शिमग्याला यायला सवडच सवड. वाडीवर म्हण पडली होती, “सायेब पालखीला आले म्हंजी इलेक्शन आली.” पुढे दोन जीप, मागे कार्यकर्ते, गळ्यात हार. माझ्याच अंगणात माझ्यासाठी खुर्ची मांडलेली असायची, महाडहून भाड्याने आणलेली, लाल गादीची. मी तिच्यावर बसायचो आणि पालखी माझ्यासमोर नाचायची. पुढच्या पहिल्या खांद्याला माझा भाऊ. तो फार सुंदर नाचवायचा, माझ्याहून चांगली. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

एकदा मला राहवलं नाही. खुर्चीतून उठलो आणि दांडीकडे निघालो. लगेच आमच्या तालुकाध्यक्षाने दंड धरला. “साहेब, आचारसंहिता आहे. तो बघा कॅमेरेवाला.” खरंच, निवडणूक कचेरीचा माणूस कुंपणापाशी उभा राहून चित्रण करत होता. देवाच्या नावाने मतं मागितली अशी तक्रार व्हायला वेळ लागत नाही. मी परत बसलो. ती निवडणूक मी हरलो. हरल्याचं दुःख महिनाभरात गेलं, त्या खुर्चीत परत बसल्याचं काही गेलं नाही.

निवडणुका मी दोनदा हरलो, पाचदा जिंकलो. हरलो तेव्हाही शिमग्याच्या दिवसांत पक्षाने कुठे ना कुठे पाठवलंच. या वर्षांत काय केलं, तर लग्नं लावली. मे महिन्यात एका दिवसात चौदा-पंधरा मांडव. दासगावात अक्षता टाकायच्या, शिवथरला दुपारचं जेवण, मध्ये दोन दहावे, एक साखरपुडा. आमच्याकडे खासदाराने संसदेत काय दिवे लावले हे कुणी विचारत नाही. “माझ्या पोरीच्या लग्नात आलावता का?” हे विचारतात. गैर नाही ते. महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी भरलं की चिखल काढायला उभा राहिलो, दरडीखाली माणसं गेली त्या गावांत जाऊन जमिनीवर बसलो. काही बोलता यायचं नाही, नुसता बसायचो. शिफारसीची पत्रं किती दिली त्याला गणती नाही. त्यातली निम्मी पत्रं साहेबलोक वाचतही नसत हे मला माहीत होतं, नेणाऱ्यालाही बहुधा माहीत होतं. तरी पत्र नीट घडी करून खिशात ठेवताना त्याचा चेहरा उजळायचा आणि मी दुसरं पत्र लिहायला घ्यायचो.

सभागृहात माझं गाजलेलं भाषण एकच आणि ते तीन मिनिटांचं. ओढ्यावरच्या एका साकवाबद्दल होतं. साकव म्हणजे चार माणसं ओळीने जातील एवढा पूल. दरवर्षी पावसात त्या ओढ्यात कुणीतरी वाहून जायचं. पीठासीन अध्यक्ष म्हणाले, “माननीय सदस्य, हा राज्याचा विषय आहे.” मी म्हणालो, “महोदय, माणूस वाहून जातो तो कोणत्या सूचीत येतो?” हशा झाला, घंटा वाजली, माझा माईक बंद झाला. साकव पुढे झाला, खासदार निधीतून. त्यावर माझ्या नावाची पाटी आहे. आमच्या वाडीवरच्या देवीच्या सभामंडपावरही आहे. त्या सगळ्या पाट्या दिल्या तर एक खांदा परत मिळेल का, असं मी एकदा बायकोला विचारलं. ती म्हणाली, “पाट्या कुणी मागितल्या होत्या?”

बायको म्हणजे आमच्या घरातलं खरं सभागृह. मुलांच्या शाळेसाठी ती महाडला राहिली, पण शिमग्याला दरवर्षी वाडीवर गेली. अंगण सारवलं, रांगोळी घातली, पालखी ओवाळली. सगळं एकटीने. मी दिल्लीहून फोन केला की म्हणायची, “देवी येऊन गेली. तुमची चौकशी केली नाही.” ती थट्टा करायची आणि मी हसायचो. फोन ठेवल्यावर क्वार्टरच्या बाथरूममध्ये सदरा काढून आरशात बघायचो. घट्टा दरवर्षी लहान होत गेला. एका वर्षी चाचपून बघितलं तर काही लागलं नाही. खांदा मऊ झाला होता, सावकाराच्या गादीसारखा.

आणि भाऊ? त्याने मला आयुष्यात एक पत्र मागितलं नाही. त्याचा मुलगा मुंबईत नोकरीसाठी वणवण फिरला, शेवटी स्वतःच कुठेतरी लागला. मला नंतर कळलं. मी चिडून विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “तुज्याकडे सगलीच येतात. मी पन कशाला आनि?” तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, मागितलं असतं तर मला परत काही मागायला तोंड राहिलं असतं.

गेल्या निवडणुकीला मी उभा राहिलो नाही. पक्षाने राहू नका म्हणून सुचवलं आणि मी राहणार नाही म्हणून जाहीर केलं. दोन्ही एकाच सकाळी झालं. फोन वाजायचे थांबले. आधी वाटलं रेंज नाही. मग कळलं, रेंज होती, फोन नव्हते. आम्ही दोघं महाडचं घर मुलाकडे देऊन वाडीवर राहायला आलो. सकाळी आपोआप जाग येते, कुणाचं काय काम आहे असं मन विचारतं आणि कुणाचंच काही नसतं. अंगणात बसलं की समोर डोंगर आणि खाली साकवावरून जाणारी माणसं दिसतात. पहिला शिमगा आला तेव्हा पक्षाने मला घाटावर प्रचाराला पाठवलं होतं. दुसरा आला तेव्हा ठरवलं, यंदा मागायचं. वय एकाहत्तर. अजून पाच वर्षांनी मागण्यात अर्थ नव्हता.

शिमग्याआधी देवळात गावकी बसते. सभामंडपात, माझ्याच पाटीखाली, सगळी जमली होती. मुंबईहून आलेले चाकरमानीही होते. मला खुर्ची दिली. मी खुर्ची बाजूला सारून सतरंजीवर बसलो, तेव्हाच दोघे-तिघे एकमेकांकडे बघायला लागले. विषय संपले आणि मी उठून उभा राहिलो. पाच हजारांच्या सभेत न अडखळणारा माणूस, तिथे दोनदा सदऱ्याची बाही सारखी केली. म्हणालो, “मला माझा खांदा परत पाहिजे.”

मग गावकीचे अध्यक्ष म्हणाले, “सायेब, आता या वयात कशाला तरास घेताव? खुर्ची हाय ना मांडलेली.” मागून एका चाकरमान्याने विचारलं, “काय सायेब, परत फॉर्म भरायचा विचार दिसतोय!” सगळा सभामंडप हसला. मी हसलो नाही, तेव्हा हसणं आवरलं.

सगळ्यांनी भावाकडे बघितलं. तो खांबाला टेकून बसला होता, गवताची काडी बोटाभोवती गुंडाळत. म्हणाला, “नारळ देवीम्होरं फुटलाय. दादानं मागितला म्हनून मी द्यायचा म्हनला तरी मी कोन देनारा? देवीला इचारा.” रागाने नाही म्हणाला. मलाही ते पटलं. दिलेली वस्तू ज्याच्यासमोर दिली त्यालाच विचारायला हवं.

गुरवाने कौल लावला. ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या देवीच्या मूर्तीला चिकटवतात, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव हात जोडून म्हणाला, “आई, हा तुजा लेक लय वर्सांनी घरला आलाय. दिलेला खांदा मागतोय. द्यायचा आसंल तर उजवी दे.” आणि आम्ही वाट बघत उभे. मी सात मतमोजण्या बघितल्या आहेत. रात्ररात्र फेऱ्यांचे आकडे ऐकले, दोनशे मतांनी मागे, चारशे मतांनी पुढे. पण अशी धडधड कधी झाली नव्हती. पाकळीच्या टोकाला पाण्याचा थेंब जमला होता आणि मी त्या थेंबाकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, आई, मी तुझ्याकडे दुसरं कधी काही मागितलं नाही. मग आठवलं, प्रत्येक निवडणुकीला मागितलं होतं.

डावी पडली.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मला जोरात रडू येईल अशी भीती वाटली, आणि सत्तरी ओलांडलेल्या माजी खासदाराने गावकीत रडणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात भाऊ उठला. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी गेला आणि गुरवाला म्हणाला, “मंग आनखी एकदा इचार. त्याच्या अंगनापुरता?” गुरवाने पाकळ्या पुन्हा लावल्या. त्याचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी खाली आली. सगळे एकदम बोलायला लागले, देवीनेच मार्ग काढला, देवीला सगळं कळतं. मी भावाकडे गेलो. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं तर तो म्हणाला, “गुडघं वाकतात का तुजं? सराव कर.”

पुढचे आठ दिवस मी परसात सराव केला. बायको शेंगा सोलत बघत बसायची. “पहिल्यांदा फॉर्म भरायला निघालात तेव्हासुद्धा एवढी तयारी केली नव्हतीत,” ती म्हणाली. पण आदल्या संध्याकाळी तिनेच तेल कोमट केलं आणि खांद्याला चोळलं. “लागेल तुम्हाला,” ती म्हणाली. “लागू दे,” मी म्हणालो. तेच तर हवं होतं. भार हवा होता. मान दोन दिवस वळू नये एवढा हवा होता. पंचवीस वर्षं माझ्या अंगावर लोकांनी हार घातले, शाली घातल्या, कुणी कधी ओझं ठेवलं नाही. या वेळी ते मिळणार होतं, फाटकापासून तुळशीपर्यंत, वीस पावलं.

पालखी आली तेव्हा ऊन चढलं होतं. वाजप आधी ऐकू आलं, वळणावर गुलाल दिसला, मग रूपं चमकली. अंगण माणसांनी भरलं. बायको तुळशीपाशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. फाटकात पालखी थांबली. भाऊ दांडीखालून वाकून बाहेर आला, दांडी हातांनी पेलून धरली आणि मला मानेने खूण केली. मी आत शिरलो. कापड गुंडाळलेली ती दांडी मानेशी आली, तेल आणि गुलाल आणि जुन्या लाकडाचा वास आला, आणि वडील गेल्यानंतरचा पहिला शिमगा असा काही उसळून वर आला की मी डोळे मिटले. ढोलावर काठी पडली. मी गुडघ्यात वाकलो, ठेक्यावर उठलो.

भार आला नाही.

आधी वाटलं, आनंदात अंगाला कळत नसेल. दुसरं पाऊल टाकलं, तिसरं टाकलं. दांडी खांद्याला लागत होती, पण टेकत नव्हती. मी वाकलो की ती माझ्याबरोबर खाली येत नव्हती, वरच राहत होती. पालखी नाचतच नव्हती. खालूबाजा जीव तोडून वाजत होता आणि ते तिघं पालखी सरळ, सावकाश, पाण्याने भरलेला हंडा न्यावा तशी नेत होते. समोर सगळ्यांचे मोबाईल वर झाले होते. “सायेब, हिकडं बघा, हिकडं!” मी मान वळवली. मान अगदी सहज वळली. माझ्या शेजारून भाऊ चालत होता. त्याने दोन्ही तळवे दांडीखाली घातले होते, माझ्या खांद्याच्या अगदी पुढे, आणि कोपरं छातीशी दाबून तो ती वर उचलून धरत होता. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, घामाने चिंब.

“सोड,” मी म्हणालो.

“नाय.”

“अरे, येऊ दे माझ्यावर. लागलं तर लागू दे.”

“दादा, वीस पावलं तर हायत,” तो धापा टाकत म्हणाला. “इतकी वर्सं तुज्या वाटचा मीच न्हेला. आता एवढ्यासाटी तुला कशाला तरास?”

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. आयुष्यभर मी उत्तरंच दिली आहेत. पण त्यात टोमणा नव्हता. त्याने खरोखर माझी काळजी केली होती, बाकी तिघांनाही त्यानेच सांगून ठेवलं असणार, दादाला लागता कामा नये. तुळशीपाशी बायको आनंदाने रडत होती. तिला तिथून काही कळत नव्हतं. तिच्याकडे बघून मी हसलो आणि ओझं घेतलेल्या माणसासारखा वाकत, उठत चालत राहिलो. उरलेल्या पावलांत मी देवीला एकच विनवत होतो, त्याचे हात एकदा तरी दमू देत. ते दमले नाहीत.

अंगण संपलं. मी वाकून दांडीखालून बाहेर आलो. पालखी जराही खाली झाली नाही.